घरापुढच्या लहान बागेतील बुटके लाल गुलाब : बाजूच्या कळ्या खुडाव्यात का?

आपण विचारले आहे की पुण्यात घरापुढे आठ फूट लांब आणि चार फूट रुंद अशी मोकळी जागा आहे, तिथे बुटके लाल गुलाब लावायचे आहेत, तर जात कोणती घ्यावी, अंतर किती ठेवावे आणि फूल मोठे यावे म्हणून बाजूच्या कळ्या खुडाव्यात का. पहिल्या दोन प्रश्नांकडे मी नंतर वळेन. तिसऱ्याचे उत्तर ‘मुळीच नाही’ असे आहे, आणि ते इतक्या ठामपणे देण्याचे कारण आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते.

सहकारनगरमधील आमच्या सासऱ्यांच्या बंगल्यात मागच्या अंगणातली बाग थोरल्या भाऊजींकडे आणि पुढच्या दाराची चिंचोळी पट्टी माझ्याकडे, अशी वाटणी कोणी न बोलता होऊन गेलेली आहे. भाऊजी हायब्रीड टी, म्हणजे लांब दांडीवर मोठे फूल देणाऱ्या, गुलाबांचे भक्त आहेत. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते, तिथे त्यांची फुले जातात, कधी बक्षीसही मिळते, आणि त्या फुलांसाठी ते वर्षभर जे कष्ट घेतात त्यांचे मला खरोखरच कौतुक आहे. मात्र एका दांडीवर एक फूल, तेही तळहाताएवढे, नसेल तर त्याला गुलाब म्हणूच नये, असे त्यांचे मत असून ते त्यांनी माझ्या लाल फ्लोरिबंडांसमोर, म्हणजे झुपक्यांनी फुलणाऱ्या गुलाबांसमोर, उभे राहून पुष्कळदा ऐकवले आहे. ‘हा सगळा पालापाचोळा आहे, वहिनी,’ हे त्यांचे ठरलेले वाक्य.

मुलीचा साखरपुडा घरीच करायचे ठरले तेव्हा मुहूर्त नोव्हेंबरच्या अखेरीचा निघाला. पुण्यात पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटणी केली की साधारण सहा ते सात आठवड्यांत झाडे बहरतात, हा हिशोब गुलाब लावणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. त्याप्रमाणे मी छाटणी केली. शेणखत आणि निंबोळी पेंड दिली, मावा दिसताच पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढला, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला कळ्यांचे झुपके धरले. झुपक्यातली मधली कळी सर्वांच्या आधी फुलते आणि बाकीच्या उमलेपर्यंत कोमेजून मध्येच तपकिरी डाग होऊन बसते. म्हणून ती एकटी वाटाण्याएवढी असतानाच काढली, तर उरलेल्या सगळ्या जवळजवळ एकदम उमलतात आणि झाड लालभडक दिसते. व्याह्यांकडून कोल्हापूरहून परतल्यावर नेमके हेच करायचे मी योजले होते.

परतले तेव्हा पायरीवर वर्तमानपत्र पसरलेले होते आणि त्यावर हिरव्या कळ्यांचा ढीग होता. भाऊजींनी आमच्या माघारी, मदत म्हणून, प्रत्येक झुपक्यातली मधली कळी राखून बाजूच्या सगळ्या खुडल्या होत्या. केलेले काम आम्हाला दिसावे, यासाठी त्या जपूनही ठेवल्या होत्या. त्यांच्या मते आता उरलेली कळी दुप्पट मोठी होणार होती. गजऱ्यातले एकच फूल ठेवून बाकीची ओढून टाकावीत आणि उरलेले फूल कमळाएवढे होईल म्हणून वाट पाहावी, तसला हा प्रकार होता. मी त्यांना काही बोलले नाही, कारण घरात मंगलकार्य होते आणि ते मुलीचे काका आहेत. साखरपुड्याच्या दिवशी दारात एकेका दांडीवर एकेक लाल फूल होते, जवळजवळ नेहमीच्याच आकाराचे. पाहुण्यांपैकी एकीने झाडांना काही रोग झाला आहे का, असे विचारले. भाऊजींनी तिला एक दांडी एक फूल हे तत्त्व समजावून सांगितले.

ते तत्त्व हायब्रीड टीच्या बाबतीत खरेच आहे. तिथे फूल मुळातच मोठ्या पाकळ्यांचे आणि उंच माथ्याचे असते, आणि बाजूच्या कळ्या काढल्या की तो आकार अधिक भरतो. फ्लोरिबंडाचा जन्मच निराळ्या हेतूने झालेला आहे. डेन्मार्कच्या स्वेंड पौल्सेन यांनी झुपक्यांनी फुलणाऱ्या पॉलिअँथा गुलाबांचा हायब्रीड टीशी संकर करून 1924 मध्ये ज्या जाती पुढे आणल्या, त्यांत ‘एल्स पौल्सेन’ गुलाबी होती आणि ‘कर्स्टेन पौल्सेन’ लाल. ती दोन्ही झाडे वाफ्यात एकत्र रंग दाखवण्यासाठी होती, फुलदाणीत एकटे फूल ठेवण्यासाठी नव्हती. प्रदर्शनात फूल झाडापासून तोडून टेबलावर मांडतात आणि परीक्षक झाड पाहत नाही. आपल्या दारात मात्र येणारा-जाणारा बारा महिने झाडच पाहणार आहे आणि फूल त्याला वर्षातून काही आठवडेच दिसणार आहे. माझ्या मते लहान पुढच्या बागेची सगळी निवड याच एका गोष्टीवर ठरते, आणि भाऊजींना ती मान्य नाही.

आता जातीविषयी. लाल म्हटले की नर्सरीत हमखास ‘ग्लॅडिएटर’ पुढे करतात. फूलबाजारासाठी महाराष्ट्रात उघड्या शेतात पुष्कळ लावली गेलेली ही मोठ्या फुलांची जात काटक आहे, पण तिचा लाल गुलाबीकडे झुकतो आणि जमिनीत ती सहज कमरेच्या वर जाते. उंच जात घेऊन कात्रीने बुटकी ठेवण्याचा प्रयत्न करू नये. जितकी छाटावी तितक्या जोमाने ती लांब धुमारे फेकते. बुटकेपणा जातीत असावा लागतो. फ्लोरिबंडांमध्ये, नव्या जाती तयार करणाऱ्या कॉर्डेस यांची 1964 ची ‘मार्लेना’ गडद लाल आणि गुडघ्याखाली राहणारी आहे, मॅकग्रेडी यांची 1977 ची ‘ट्रम्पेटर’ शेंदराकडे झुकणारी लाल असून आटोपशीर राहते, आणि 1963 ची ‘युरोपियाना’ रंगाने फार सुंदर असली तरी तिचे झुपके जड होऊन वाकतात व तिच्यावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, लवकर येते. ही नावे माहीत असावीत, पण रोपाला बांधलेल्या नावाच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये. माझ्या झाडांचे जे नाव मला विकताना सांगितले गेले ते मला कधीच खरे वाटलेले नाही. त्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत सोलापूर रस्त्याने सोरतापवाडी-उरुळी कांचनच्या बाजूला जावे, तिथे नर्सऱ्यांची रांगच आहे, आणि जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत वाढलेले जुने झाड फुलांसह दाखवा म्हणावे. पिशवीतले प्रत्येक रोप बुटकेच दिसते. मिनिएचर गुलाब जमिनीत लावण्याचा मोह टाळावा. पावसात त्यांच्या पानांवर चिखल उडतो आणि काळ्या ठिपक्यांचा रोग खालून वर चढतो. ते कठड्यावरच्या कुंडीत शोभतात.

जमिनीविषयी एवढेच सांगते की पुण्यात घरापुढची माती बहुधा माती नसतेच. बांधकामाचा राडारोडा, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि वर सारवल्यासारखा लाल मातीचा थर, असे तिचे स्वरूप असते. दीड फूट खोदून ते सगळे बाहेर काढल्याशिवाय गुलाब लावू नये. खाली चिकण काळी माती लागली तर पाणी साचू नये म्हणून वाफा वीतभर उंच करून घ्यावा. डोळा भरलेला सांधा, म्हणजे खालच्या जंगली खुंटावर हव्या त्या जातीचे कलम जिथे बांधलेले असते ती जागा, मातीच्या वर राहिला पाहिजे, आणि त्या सांध्याखालून खुंटाला फूट आली की ती मुळापासून ओढून काढावी. ती कात्रीने कापली तर पुन्हा येते.

छाटणीतही भाऊजींची आणि माझी दोन टोके आहेत. ते वीतभर खोड ठेवून सगळे उडवतात, कारण थंड देशांच्या पुस्तकांत तसे लिहिलेले आहे. आपल्याकडे गुलाब हिवाळ्यात झोपत नाही, त्यामुळे फ्लोरिबंडाचा वरचा तिसरा भाग, वाळलेल्या काड्या आणि आत वळलेल्या फांद्या एवढेच काढणे पुरेसे असते. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावावी, नाहीतर शेंड्याकडून मर सुरू होऊन फांदी काळी पडत खाली येते. कोमेजलेले झुपके मात्र वेळेवर, खालच्या भरदार पानापर्यंत कापत राहावे. कळ्या खुडण्याचा उत्साह तिथे खर्च करावा.

इथवर मी जे काही लिहिले ते जागेला रोज पाच-सहा तास ऊन मिळते असे धरून लिहिले आहे. समोरच्या इमारतीची सावली दुपारपर्यंत पडत असेल तर झाड उंच, विरळ आणि पानांपुरते उरेल, मग जात कितीही बुटकी असो. शिवाय आटोपशीर लाल फ्लोरिबंडांना वास जवळजवळ नसतो, हे भाऊजींचे म्हणणे मला नाकारता येत नाही. देवाला वाहण्यासाठी सुवासिक फूल हवे असेल तर एक देशी गुलाब मागच्या दारी वेगळा लावावा. आणि आपल्याला खरोखर फुलदाणीसाठी किंवा प्रदर्शनासाठीच फुले हवी असतील, तर माझे हे सगळे बाजूला ठेवून हायब्रीड टी लावावेत आणि बाजूच्या कळ्या खुशाल खुडाव्यात, पण मग झाड बुटके हवे हा आग्रह सोडावा.

अंतराचे राहिले. दोन रोपांत पावणेदोन ते दोन फूट ठेवावे, भिंतीपासून फूटभर तरी लांब लावावे आणि रस्त्याच्या बाजूलाही तेवढीच जागा सोडावी, म्हणजे काटे कुणाच्या कपड्यांत अडकत नाहीत. आठ फुटांत मागच्या ओळीत चार आणि त्यांच्या मधल्या फटींसमोर तीन, अशी सात रोपे बसतात. सातही एकाच जातीची घ्यावीत.