केस सापडला म्हणजे माणूस सापडला का?

प्रश्न : घटनास्थळी मिळालेल्या एका केसावरून तो नेमका कोणाचा, हे सांगता येतं का?

उत्तर : केसाला मूळ आहे का आणि ते कोणत्या अवस्थेतलं आहे, यावर सगळं अवलंबून. डोक्यावरचा केस साधारण २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते आणि पुढचे तीनेक महिने तो नुसता जागेवर टिकून असतो, मग गळतो. वाढत्या अवस्थेतला केस उपटला गेला की मूळ ताणलेलं, मऊ दिसतं आणि मुळाभोवतीच्या आवरणाचा पांढुरका पापुद्रा बरेचदा त्याला चिकटून येतो. त्या पापुद्र्यात केंद्रक असलेल्या पेशी असतात, म्हणून नेहमीच्या डीएनए चाचणीतून एका व्यक्तीपर्यंत पोचण्याची शक्यता असते. (मूळ उपटलेलं दिसलं म्हणून लगेच झटापट झाली असं धरू नये. जोरात विंचरतानाही असे केस निघतात.)

आपोआप गळलेल्या केसाचं मूळ मात्र सुकलेलं, काडेपेटीतल्या काडीच्या गुलासारखं असतं. माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतात, त्यामुळे जागेवर बहुतेक असेच सापडतात. नेहमीच्या चाचणीला पुरेल इतका डीएनए त्यांत सहसा नसतो. हाती राहतो तो मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे पेशीच्या केंद्रकाबाहेरचा डीएनए. तो आईकडून येतो. म्हणजे भावंडं, आई, मामा, मावशी, आईची आई या सगळ्यांचा सहसा सारखाच. त्यावरून ‘हा केस याचा नाही’ हे ठामपणे म्हणता येतं, ‘याचाच आहे’ हे नाही.

प्रश्न : केस माणसाचा की प्राण्याचा, हे कसं ओळखतात?

उत्तर : हे काम तुलनेनं सोपं. केसात बाहेर खवल्यांचं क्यूटिकल, आत रंगकण असलेला कॉर्टेक्स आणि मधोमध मेड्युला असतो. माणसात मेड्युलाची रुंदी केसाच्या एक तृतीयांशाहून कमी, तोही तुटक किंवा नसलेलाच. प्राण्यांत तो बहुधा निम्मी जाडी किंवा त्याहून जास्त व्यापतो. माणसाचे खवले चपटे, वेड्यावाकड्या कडांचे. मांजराचे टोकदार पाकळ्यांसारखे. उंदीरवर्गात एकावर एक मुकुट रचल्यासारखे.

खवले बघायला ठसा घ्यावा लागतो. काचपट्टीवर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, किंचित आळला की केस ठेवायचा, पूर्ण वाळल्यावर एका टोकाला धरून उचलायचा. थर जाड झाला तर केस बुडतो आणि निघताना तुटतो. केस ठेवण्याआधीच थर फार वाळला तर ठसाच उमटत नाही. आतली रचना बघायची तर केस साधारण १.५२ अपवर्तनांकाच्या (प्रकाश किती वळतो याचं माप) द्रवात बसवतात, कारण कोरड्या केसाच्या पृष्ठभागावरच प्रकाश विखुरतो. एक सापळा इथे आहे : मेड्युलात हवा असेल तर तो खालून येणाऱ्या प्रकाशात काळाकुट्ट दिसतो. नवखे त्याला रंगद्रव्य समजतात.

प्रश्न : ‘केस जुळतात’ असं अहवालात लिहिलेलं असतं, त्याला किती वजन द्यावं?

उत्तर : मायक्रोस्कोपखाली जुळले एवढंच असेल, तर फार नाही. बोटांच्या ठशांसारखी वेगळेपणाची खात्री केसात नाही आणि अमुक वैशिष्ट्यं किती लोकांत आढळतात याची आकडेवारीही नाही. त्यात एकाच डोक्यावरचे केस एकमेकांशी जुळत नाहीत! म्हणून तुलनेसाठी कपाळाजवळचे, माथ्यावरचे, दोन्ही बाजूंचे आणि मानेवरचे असे निदान २५ पूर्ण लांबीचे केस घेतात, काही विंचरून, काही मुळासकट ओढून. एका केसाशी एक केस ताडून बघणं म्हणजे तपासणी नव्हे.

अमेरिकेतल्या एफबीआयच्या २०१५च्या फेरतपासणीत आरोपीविरुद्ध केसाची साक्ष वापरलेले पहिले २६८ खटले पाहिले गेले. त्यांपैकी २५७ खटल्यांत तज्ज्ञांनी चुकीची विधानं केली होती. त्याआधी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मायक्रोस्कोपखाली जुळलेल्या ८० जोड्यांपैकी ९ मायटोकॉन्ड्रियल डीएनएने वेगळ्या ठरवल्या. म्हणून मायक्रोस्कोप गाळणीपुरता वापरावा आणि जुळलेला केस डीएनएसाठी पाठवावा.

प्रश्न : केस गोळा करताना काय बिघडतं?

उत्तर : दातेरी चिमट्याने दांडा चेपतो, हातमोजे घालून बोटांनी किंवा मऊ टोकाच्या चिमट्याने उचलावा. आधी कागदाच्या घडीत, मग पाकिटात ठेवावा आणि पाकिटाचे कोपरे टेपने बंद करावेत, कारण केस कोपऱ्यातूनच निसटतो. ओला किंवा रक्ताळलेला केस आधी वाळवावा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते आणि डीएनए जातो. संशयित आणि पीडित यांचे नमुने एकाच व्यक्तीने, एकाच खोलीत घेऊ नयेत. कपड्यावरून कपड्यावर केस सहज जातो, मग तो मुळात कुठून आला हे कोणीच सांगू शकत नाही.

प्रश्न : केसावरून वय किंवा लिंग कळतं का?

उत्तर : रचनेवरून नाही. केस कधी रंगवला याचा अंदाज मात्र येतो : वाढ महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर, म्हणून मुळापासून ३ सेंटिमीटर नैसर्गिक रंग दिसला तर साधारण तीन महिने झाले असावेत. दिवसांचा हिशोब कोणी सांगू लागला तर विश्वास ठेवू नका.