स्टॉपरच्या पोटातला गोळा

"टेस्ट सगळ्या नॉर्मल आल्यात, तरी सोमवारी सकाळी मळमळतं, दोनदा तर बँकेच्या पार्किंगमध्येच उलटी झाली, मी मनाने कमकुवत झालेय का?" एका बँकेत काम करणाऱ्या ताईंनी हे विचारलंय. असा प्रश्न महिन्यातनं चार-पाच वेळा तरी येतोच माझ्याकडे आणि दर वेळी मला तो आमचा स्टॉपर, म्हणजे फुटबॉलमधला मधला डिफेंडर, आठवतो. त्याची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

कोल्हापूरचा गडी. पेठेतल्या तालमीकडून खेळत मोठा झाला, शाहू स्टेडियमवर पब्लिकच्या शिव्या नि शिट्ट्या खात, आणि मग पंधरा वर्षं बाहेरच्या राज्यांत प्रोफेशनल. वय ३४. नाक दोनदा मोडलेलं, भुवईवर टाके, एका गुडघ्याचं ऑपरेशन. समोर बसला तेव्हा माझी खुर्चीच लहान वाटायला लागली. आणि म्हणतो काय, "मॅडम, मॅचच्या दिवशी मला उलटी हुती. बाथरूमचा नळ सोडून ठेवतो, पोरांना आवाज जाऊ नये म्हणून."

बायकोलाही माहीत नव्हतं.

क्लबची अवस्था वाईट होती, टेबलमध्ये शेवटून दुसरे, तीन महिन्यांचा पगार थकलेला, परदेशी प्लेअर आधीच सामान बांधून गेलेले आणि उरलेल्या टीममधली निम्मी पोरं एकवीस-बावीसची. आपल्याकडे हे काही नवीन नाही. महिंद्रा युनायटेड ही मुंबईची टीम २०१० ला बंद पडली, पंजाबची जेसीटी २०११ ला, मुंबई एफसी २०१७ ला आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमधून, खाली गेली ती संपलीच, ही यादी प्लेअर लोकांना पाठ असते. त्यामुळे मी पण धरून चालले की ही करिअर संपायची भीती आहे, चौतिसाव्या वर्षी आता कोण साइन करणार वगैरे, आणि दोन सेशन त्याच रस्त्याने गेले. चुकले.

तरी एक काम बरोबर झालं होतं, आधी पोटाच्या डॉक्टरांकडून तपासणी. वजन उतरत असेल, रक्त पडत असेल, त्रासाने रात्री झोपमोड होत असेल तर माझ्याकडे नंतर या, आधी तिकडे जा. त्याचे रिपोर्ट स्वच्छ होते. मग त्याला सांगितलं की शरीराला धोका वाटला की ते पचनाचं काम बाजूला ठेवतं, रक्त हातापायांकडे वळवतं, जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो, मग आतलं वर यायला बघतं. ह्यात हिमतीचा काही संबंध नाही. त्याला पटेना. मग पेर मर्टेसॅकरचं सांगितलं, जर्मनीचा साडेसहा फुटी डिफेंडर, देशासाठी शंभरावर मॅच, २०१४ चा वर्ल्ड कप जिंकलेला. आर्सेनलमधून रिटायर व्हायच्या वर्षी, २०१८ मध्ये, त्यानं उघड सांगितलं की वर्षानुवर्षं मॅच सुरू व्हायच्या जरा आधी त्याला ओकारी यायची, आणि २००६ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला इटलीकडून हरल्यावर वाईट तर वाटलंच पण सुटल्यासारखंही वाटलं.

"स्टॉपरच काय त्यो बी?" एवढंच विचारलं आणि बराच वेळ गप्प बसला.

खरा उलगडा झाला वहीमुळे. उलटी कधी झाली, त्याच्या आदल्या रात्रीपासून कोण भेटलं, कोणाचा फोन आला, काय खाल्लं, एवढंच लिहायचं. तो परत क्लबला गेला होता, वहीचे फोटो पाठवायचा आणि व्हिडिओ कॉलवर बोलायचो. तीन आठवड्यांत गंमत दिसली. टॉपच्या टीमविरुद्ध अवे मॅच, म्हणजे त्यांच्याच मैदानावर, समोर दांडगा परदेशी स्ट्रायकर, तिथे काहीच नाही, सकाळी चार अंडी खाल्ली. आणि एका मंगळवारी मॅच नाही, काही नाही, नुसती प्रॅक्टिस, तरी उलटी! त्या अवे मॅचला मॅनेजमेंटचं कोणी आलंच नव्हतं. आणि त्या मंगळवारच्या आदल्या रात्री मॅनेजमेंटचा फोन आला होता, तू सिनियर आहेस, पोरांना समजाव, पुढच्या आठवड्यात होतो पगार. हे वाक्य त्यानं पोरांना चार वेळा सांगितलं होतं, आणि त्याच्या शब्दावर एकानं उसने पैसे काढून घरी पाठवले होते.

"मॅडम, समोरचा स्ट्रायकर परवडला. ते पोरगं बुटाची लेस बांधत इचारतंय, दादा पैसे कधी, तवा माझं पोट फिरतंय बघा."

मग श्वासाचे व्यायाम दिले, ते मी सगळ्यांनाच देते, पण जास्त वेळ गेला तो एका वाक्याच्या प्रॅक्टिसला. "मला माहीत नाही, मलापण मिळालेला नाही." मी ते पोरगं व्हायचे आणि विचारायचे, दादा पैसे कधी. पंधरा वर्षं पाय घालून बॉल काढणारा माणूस, त्याच्या तोंडून हे पाच-सहा शब्द निघायला दोन सेशन लागले. म्हणायचा, सिनियरच असं बोलला तर टीम फुटंल. नियमाचंही त्याला अर्धवटच माहीत होतं, की फिफाच्या नियमात २०१८ पासून आहे, दोन महिन्यांचा पगार थकला तर प्लेअर क्लबला १५ दिवसांची लेखी नोटीस देऊ शकतो आणि तरी नाही दिला तर कॉन्ट्रॅक्ट मोडू शकतो. ते काही माझं क्षेत्र नाही, म्हणून एफपीएआयशी, म्हणजे आपल्याकडच्या प्लेअर्सच्या संघटनेशी बोल म्हटलं.

एका शुक्रवारी प्रॅक्टिसनंतर त्यानं पोरांना बसवलं आणि सांगून टाकलं. कोणी आरडाओरडा केला नाही. लेसवालं पोरगं म्हणालं, दादा आम्हाला कळत होतं, तुमचं तोंड बघून विचारायचं बंद करणार होतो. पुढच्या आठवड्यात सात जणांनी नोटिसा दिल्या. मॅनेजमेंटचा फोन यायचा थांबला, म्हणजे त्याच्यावर राग धरला, आणि ते त्याला लागलंही.

तर ताई, तुम्हीपण अशीच वही लिहा. रविवारी रात्री ग्रुपवर कोणाचा मेसेज पडतो, सोमवारी काउंटरवर कोणाला काय गळ्यात मारायला सांगतात, कोणासमोर खोटं हसायला लागतं, तेही लिहा. तुमचं कारण हेच असेल असं नाही, वेगळंही निघेल. वही घेऊन या, मग बघू.

तो पूर्ण बरा झाला असं नाही, दोन मॅचला परत झालंच. क्लब खालच्या लीगमध्ये गेला. शेवटच्या मॅचच्या सकाळी दोन प्लेट पोहे खाल्ल्याचा फोटो त्यानं पाठवला, आणि संध्याकाळी नुसता मेसेज, "२-० हरलो. पोट ओके."