पणजोबांचे पदक कसे वाचावे?

प्रश्न : पणजोबा १९१४–१८च्या महायुद्धात होते. घरात त्यांचे काळे पडलेले पदक आहे. ते घासावे का? माहिती कशी मिळेल?

उत्तर : कृपा करून घासू नका! चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, काहीच नको. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार असेल, तर ते ब्रिटिश वॉर मेडल. त्याची माहिती कडेवर असते, आणि घासून आधी तीच झिजते. अंधारात मोबाईलचा दिवा कडेला अगदी आडवा धरा, पदक हळूहळू फिरवत फोटो काढा. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण या क्रमाने इंग्रजी अक्षरे दिसतील.

क्रमांक जसाच्या तसा उतरवा. नावाचे स्पेलिंग साहेबाने ऐकले तसे, आडनाव बहुधा नाहीच. नुसत्या नावावर शोधणारे इथेच फसतात. पलटण ‘११७ मराठाज’ असेल तर १९२२नंतर तीच पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी बटालियन झाली. हा तपशील देऊन बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा. युद्धातील मृतांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज या संस्थेच्या यादीत मात्र फक्त मृतांचीच नावे असतात. पणजोबा परतले असतील तर तिथे सापडणार नाहीत.