फॅमिकॉमवर (निन्टेन्डोचा जुना जपानी गेम कन्सोल) एकाच कार्ट्रिजला, म्हणजे गेमच्या कॅसेटला, आवाज येत नाही, चित्र मात्र व्यवस्थित, काय करू?

आधी कार्ट्रिजच्या 45 आणि 46 नंबरच्या पिना साफ कर, दोष बहुतेक तिथेच असणार. कारण फॅमिकॉममध्ये आवाज चिपमधून थेट टीव्हीकडे जात नाही, तो 45 नंबरवरून कार्ट्रिजमध्ये येतो आणि 46 वरून परत कन्सोलमध्ये जातो, साध्या गेममध्ये या दोन पिना बोर्डवर नुसत्या एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून एकीवर जरी काळपट थर बसला तरी गेम मस्त चालतो पण आवाज ठार बंद. 31 ते 60 वाल्या बाजूच्या बरोबर मधल्या दोन, सापडायला सोप्प्या. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून काडी काळी यायची थांबेपर्यंत पूस, पूर्ण वाळू दे, मगच लाव. आणि प्लीज फुंकर मारू नकोस, थुंकीच्या ओलाव्याने पिना अजून खराब होतात. तरीही नाही आला तर मल्टिमीटर बीपवर (जोड तपासायच्या मोडवर) ठेवून दोन्ही पिनांना टेकव, बीप नाही म्हणजे मधला ट्रॅक तुटलाय, बारीक वायरचा तुकडा सोल्डर केला की झालं.

फक्त ज्या गेममध्ये स्वतःची साउंड चिप आहे, उदा. कोनामीचा 1989 चा अकुमाजो देन्सेत्सु, तिथे ही वायर लावू नकोस, त्यात आवाज बोर्डवरच मिक्स होतो. आणि 72 पिनवाला एनईएस (फॅमिकॉमची जपानबाहेरची आवृत्ती) गेम अडॅप्टरने लावत असशील तर आधी अडॅप्टर तपास, स्वस्तातल्या काहींमध्ये 45-46 चा हा जोड दिलेलाच नसतो.