आजीची पैठणी, आईच्या इरकली आणि एक डिझायनर जॅकेट रोज बाहेर जाताना कसं घालावं?

तुमच्या कपाटात आजीची नऊवारी पैठणी, आईच्या दोन इरकली आणि भावाच्या लग्नात हौसेनं घेतलेलं जरदोजीचं डिझायनर जॅकेट आहे. मुंबईत नाटकाला, प्रदर्शनाला किंवा मैत्रिणींबरोबर जेवायला जाताना ते घालावंसं वाटतं, पण लोक "कुणाचं लग्न आहे?" असं विचारतील याची धास्ती आहे. विचारतात, खरंच विचारतात. मला आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्येही विचारलंय. पण हा प्रश्न बहुतेक वेळा पैठणीमुळे येत नाही, तिच्यामागून सवयीनं निघणाऱ्या वरातीमुळे येतो. काठाला जुळणारा ब्लाउज, नथ, तन्मणी, गजरा, हिरवा चुडा. यातलं सगळं काढा आणि तीच पैठणी साध्या पांढऱ्या सुती शर्टावर किंवा काळ्या बिनकाठाच्या ब्लाउजवर नेसून बघा. कानात छोटं काहीतरी, मनगटावर वडिलांचं जुनं एचएमटी. लग्नघर गायब होतं.

सुरुवात मात्र इरकलीपासून करा. ती मुळात रोज नेसायचीच साडी. आपल्याकडे कितीतरी बायकांनी शेतात, बाजारात आणि चुलीपुढे तीच नेसली, त्यामुळे तिला 'रोजचं' करायला वेगळं काही करावं लागत नाही. इरकलीत अंगाचा ताणा (म्हणजे उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगवेगळा असतो आणि दोन्ही फासांनी जोडून विणतात. जुन्या साडीत नेमकी ती जोडाची जागा आधी उजेडात धरून बघा, तिथे पिन लावू नका. सोबत खणाचा ब्लाउज नको, तो जरा ठरलेलाच जोड झाला. फिक्या निळ्या डेनिमचा ब्लाउज शिवून घ्या, किंवा घरातला साधा गोल गळ्याचा टी-शर्ट घाला. इरकल कुठल्याही पोताच्या शेजारी निमूट बसते.

आता पैठणी. नेसण्याआधी एक काम करा: घडीची रेघ दोन्ही हातांत धरून अगदी हलकेच ताणा. धागे सरकले किंवा चिरल्यासारखा आवाज आला तर रेशीम विरलंय, ती साडी लोकलमध्ये टिकणार नाही. रफू करणाऱ्याला दाखवा, पण विरलेल्या जागी रफूही धरत नाही, कारण टाका घ्यायला शेजारचा धागा तरी मजबूत हवा. अशी साडी कापायला हरकत नाही. पदर सुटा करून सुती अस्तरावर बसवा आणि ओढणी किंवा स्टोल म्हणून वापरा. धड असलेली पैठणी कापून गाऊन किंवा पँट शिवणं मला मात्र बघवत नाही. एकेका पदरावरच्या मोरासाठी कुणीतरी कितीतरी दिवस मागावर बसलेलं असतं.

नऊवारी रोज नेसणं जमत नसेल तर मधला मार्ग आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, आणि सहावारी होते साडेपाच मीटरची. पदराकडून मोजून सहावारी काढलीत तर आतल्या टोकाचं अडीच मीटरहून जास्त कापड उरतं आणि त्याला दोन्ही बाजूंनी काठ असतोच. ती झाली ओढणी. पांढऱ्या कुर्त्यावर आणि जीन्सवर ती ओढणी मला सबंध पैठणीपेक्षाही जास्त आवडते.

शहरात साडीचा खरा शत्रू म्हणजे बॅगेचा पट्टा. पदर डाव्या खांद्यावर असतो, तर बॅग उजव्या खांद्यावर किंवा हातात घ्या, नाहीतर पट्ट्याखाली जरीची तार घासून तुटते. सेफ्टी पिनेच्या वेटोळ्याजवळ एक छोटा मणी ओवा, म्हणजे कापड त्यात अडकून फाटत नाही. अत्तर किंवा डिओ कपड्यावर कधीच नाही, कारण अस्सल जुनी जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदी असते आणि ती घामानं, फवाऱ्यानं काळवंडते. जून ते सप्टेंबर जरीचं काहीही बाहेर काढू नका. त्या दिवसांत सुती नारायणपेठी काढा. कोल्हापुरी चपलाही पावसात नकोतच.

घरी आल्यावर साडी लगेच कपाटात कोंबू नका. सावलीत वाऱ्यावर टाका, मग मलमलीत गुंडाळा. डांबरगोळ्या जरीला चिकटून ठेवू नका, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, कारण ज्या घडीवर ती वर्षानुवर्षं पडून असते तिथेच चिरते.

डिझायनर जॅकेटचं सांगायचं तर त्याच्यासोबत आलेला लेहेंगा आणि ओढणी विसरूनच जा. असे कपडे तीन भागांत विकतात आणि आपण ते तिन्ही आयुष्यभर एकत्रच घालतो. जॅकेट एकटं घ्या, आत साधा सुती शर्ट किंवा बनियनसारखा टॉप, खाली सरळ पँट. बटणं उघडी ठेवा. दुपारी बाहेर जात असाल तर जरदोजी उन्हात फारच डोळ्यांत भरते, तेव्हा ते संध्याकाळसाठी ठेवा. लोकलच्या गर्दीत मात्र नेऊ नका, एखाद्या पर्सच्या साखळीत तार अडकली की अख्खी वेल उसवत जाते. रिक्षा करा, किंवा जॅकेट पिशवीत घालून न्या आणि पोहोचल्यावर घाला.

आणि हो, एका वेळी एकच जुनी किंवा भारी गोष्ट. पैठणी आणि ते जॅकेट एकत्र घातलंत तर लिफ्टमधल्या काकूंना खुशाल सांगा की लग्नालाच निघालेय.