कॅम्पहिलमध्ये स्वयंसेवकाला नेमके काय करावे लागते?
स्कॉटलंडमधील ॲबर्डीनजवळच्या कॅम्पहिल शाळेत स्वयंसेवकाचे काम कसे असते, असे आपण विचारले आहे. नाझी राजवटीमुळे व्हिएन्ना सोडावे लागलेले डॉ. कार्ल कोनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी उभारलेल्या या वसाहतीत स्वयंसेवक मुलांसोबत एकाच घरात राहतो; पगार नसतो, जेवणखाण, निवास आणि हातखर्च तेवढा मिळतो. मुलांना उठवणे, आंघोळीला मदत करणे, एका पंगतीत जेवणे, असा दिवस जातो. बोलू न शकणारे एखादे मूल शर्टाच्या एकाच बटणाशी दहा मिनिटे झटत असते, तेव्हा आपला हात आवरून शेजारी बसून राहणे हेच मला सर्वांत कठीण आणि मोलाचे काम वाटते. मुलांना माणसांचा लळा लागतो, म्हणून वर्षभर राहण्याची तयारी असेल तरच अर्ज करावा.