आज्जीच्या कबरीवर फुलं कशाला? सोनूला पत्र

लाडक्या सोनू,

तुझा व्हॉइस मेसेज नाईट ड्युटी संपवून रूमवर आल्यावर ऐकला. इथं मस्कतला सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते, त्यामुळे ईस्टरच्या रविवारी मी वॉर्डातच होते, पण पप्पांनी पाठवलेले फोटो मध्ये मध्ये बघत होते, तुझा पिवळा फ्रॉक आणि हातात मेणबत्ती. तू विचारलंस की ईस्टरला आपण सगळे अंधारात उठून कबरस्तानात का जातो, आज्जी देवाकडे गेली म्हणता तर मग कबरीवर फुलं कशाला, आणि शेजारच्या काकू म्हणतात ती कुणाच्या तरी पोटी परत जन्माला येईल आणि शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, टीचर म्हणतात ती उठेल, तर दोन्ही एकच का. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं हे नाही म्हणून लिहितेय. मोठं झालं तर थोडं थोडं वाच आणि आबांना शेजारी बसवून घे.

आधी पहाटेचं सांगते. येशूला शुक्रवारी क्रुसावर दिलं आणि संध्याकाळ व्हायच्या आत घाईनं कबरेत ठेवलं, कारण सूर्य मावळला की यहुदी लोकांचा शब्बाथ सुरू होतो, मग कुणी काही काम करत नाही. शनिवार तसाच गेला. रविवारी नीट उजाडायच्या आत काही बायका सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या, कारण ती त्याच्या शरीराला लावायची होती. चमत्कार बघायला वगैरे निघाल्या नव्हत्या बघ, वाटेत त्यांना काळजी काय तर कबरेच्या तोंडावरची धोंड आपल्याला कोण लोटून देणार. आज्जी गेली तेव्हा आत्यानं आणि मावशीनं तिला शेवटची आंघोळ घातली, केस विंचरले, नवी साडी नेसवली, तसल्याच कामाला त्या चालल्या होत्या. तिथं जाऊन बघतात तर धोंड बाजूला, आत शरीर नाही, आणि त्यांना सांगितलं जातं की तो इथं नाही, उठला आहे.

म्हणून आपली मंडळी पहाटे निघते आणि कबरस्तानातच उपासना करते. आदल्या आठवड्यात गवत काढतात, कबरींना चुना लावतात, मग मोगरा, झेंडू, मेणबत्त्या, आणि पाळक म्हणतात 'ख्रिस्त उठला आहे' की सगळे म्हणतात 'खरोखर उठला आहे'. सोलापूरच्या एप्रिलात नऊनंतर तिथं उभं राहवत नाही हेही खरं, पण पहाटेचं कारण ऊन नाही, त्या बायका आहेत. आणि आपण हे वाक्य देवळात बसून न म्हणता जिथं आपली माणसं पुरलीत तिथं उभं राहून म्हणतो, कारण ते त्यांच्याबद्दलही आहे. फुलंसुद्धा म्हणूनच. ती कबर म्हणजे आपण टाकून दिलेलं काही नाही, तिथं आज्जीचं शरीर आहे आणि देवाचं त्या शरीराशी काम अजून संपलेलं नाही.

(तारीख दरवर्षी का बदलते हेही तू मागे विचारलं होतंस. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते तिच्या नंतरचा रविवार तो ईस्टर. म्हणून २०२४ ला तो होळीच्या पाठोपाठ ३१ मार्चला आला आणि २०२५ ला हनुमान जयंती झाल्यावर २० एप्रिलला.)

आता एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ही बातमी आधी बायकांना कळली आणि त्यांनी ती शिष्यांना सांगितली. त्या काळी बाईच्या साक्षीला कुणी फारशी किंमत देत नसे. येशूचं चरित्र लिहिणाऱ्या लूकनं तर सरळ लिहून ठेवलंय की शिष्यांना त्यांचं बोलणं वायफळ वाटलं. मला नेहमी वाटतं, कुणाला ही गोष्ट रचायचीच असती तर साक्षीदार म्हणून कुणीतरी वजनदार पुरुष उभा केला असता की, त्या बायकांतल्या मग्दालीया मरीयेला कशाला पुढं केलं असतं? शिवाय येशूचा प्रेषित पौल यानं ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं ते येशूच्या मरणानंतर साधारण वीस-पंचवीस वर्षांनी, म्हणजे बघणारे बरेच लोक हयात होते. त्यात तो म्हणतो की उठलेल्या ख्रिस्ताला एकाच वेळी पाचशेहून जास्त जणांनी पाहिलं आणि त्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत. म्हणजे जा आणि विचारा त्यांना. आणि तोच पौल पुढं म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास फुकट. इतकं सगळं त्यानं या एका गोष्टीवर ठेवलंय.

तो उठला म्हणजे कसा उठला? लाजरसाची गोष्ट तुला माहितीय, चार दिवस कबरेत होता आणि येशूनं हाक मारल्यावर बाहेर आला. पण लाजरस त्याच जुन्या आयुष्यात परत आला, म्हणजे पुढं कधीतरी तो पुन्हा मरणार होता. येशूचं तसं नाही, तो मरणाच्या पलीकडे गेला, त्याला आता पुन्हा मरण नाही. आणि तो भूतही नव्हता, शिष्य घाबरले तेव्हा त्यानं विचारलं खायला काही आहे का, आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खाल्ला. दारं बंद असताना आत आला हेही लिहिलंय. थोमा नावाच्या शिष्याला त्यानं हातावरच्या जखमा दाखवल्या, म्हणजे नवं शरीर होतं तरी जे त्यानं सोसलं ते पुसून गेलं नव्हतं. दोघं जण अम्माऊस गावाच्या रस्त्यावर त्याच्याशी बोलत चालले तरी त्यांना ओळखू आला नाही, त्यानं भाकर मोडली तेव्हा ओळखला. आणि मरीयेनं त्याला कधी ओळखलं, तर त्यानं तिला नावानं हाक मारली तेव्हा.

आता काकूंचं. काकूंशी वाद घालायचा नाही हं. आज्जीच्या आजारपणात डबे कुणी दिले ते तुला माहितीय, आणि त्या जे म्हणाल्या ते त्यांच्या श्रद्धेनं आणि मायेनं म्हणाल्या. पण तू विचारलंस तर सरळ सांगते, दोन्ही एक नाही. काकूंच्या मते आत्मा खरा, शरीर बदलत जातं, एक सुटलं की दुसरं, आणि शेवटी या फेऱ्यातून सुटायचं असतं. आपण मानतो की माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो, आणि देव त्यालाच उठवतो, नाव-गाव-चेहऱ्यासकट. आज्जी दुसऱ्या कुणाची तरी मुलगी होणार नाही, ती आज्जीच राहणार. आपल्या विश्वासात आत्मा एकटाच वर जाऊन राहतो आणि शरीराचं काम संपलं असंही नाही. आज्जी आत्ता ख्रिस्ताजवळ आहे, पण ते शेवटचं नव्हे. विश्वासांगीकारात, म्हणजे आपण काय मानतो ते उपासनेत एकत्र म्हणतो त्यात, आपण दर रविवारी 'शरीराचे पुनरुत्थान' म्हणतो ना, ते तू पाठ केलंयस, आता म्हणताना जरा लक्ष देऊन म्हण. तुझ्या वर्गातल्या मुस्लिम मैत्रिणीलाही विचार, कयामतच्या दिवशी मेलेले उठवले जातील असं त्यांच्याकडेही मानतात.

मग तू विचारशील की मातीत गेलेलं शरीर उठणार कसं. हाच प्रश्न कुणीतरी विचारेल असं पौलानं करिंथच्या पत्रात म्हटलंय आणि त्यानं दाण्याचं उदाहरण दिलं, गव्हाचा म्हण नाहीतर दुसऱ्या कशाचा. आपल्याकडं मालदांडी जोंधळा घे. पाऊस सरता सरता काळ्या रानात तो पेरतात. मातीत गेलेला दाणा पुन्हा उकरून बघितला तर तसा सापडत नाही, गेलेला असतो. आणि वर येतं ते माणसाच्या डोक्याच्या वर जाणारं ताट आणि टपोरं कणीस. दाणा बघून कुणाला वाटलं असतं का की यातून हे येईल? पण जोंधळ्यातून जोंधळाच येतो, बाजरी येत नाही. पौलाचं म्हणणं हेच, देव प्रत्येक बीजाला त्याचं त्याचं शरीर देतो. नाशवंत पेरलं जातं, अविनाशी उठतं. दुबळं पेरलं जातं, सबळ उठतं.

आणि ज्यांना जाळलं त्यांचं काय? काही ख्रिस्ती लोक दहनही करतात, रोमन कॅथलिक चर्चनं १९६३ ला त्याला परवानगी दिली. फार पूर्वी, इ. स. १७७ मध्ये, आजच्या फ्रान्समधल्या लिओन शहरात ख्रिस्ती लोकांना हाल करून मारलं आणि त्यांची शरीरं जाळून राख रोन नदीत टाकली, मुद्दाम, की बघू आता यांचा देव यांना कसा उठवतो. त्यानं त्यांच्या मंडळीचा विश्वास काही संपला नाही. मातीतून माणूस करणाऱ्या देवाला नदीतली राख काय अवघड आहे. आपल्या घरात पुरायची रीत आहे, येशूला पुरलं तसं, म्हणून आज्जीला पुरलं. पण देव कबरीवर अवलंबून नाही.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त काय धरून ठेवतं ते सांगू? नर्स म्हणून रोज माणसांची शरीरं हातात असतात, पाठीच्या जखमा, सुजलेले पाय, म्हाताऱ्या माणसाचे डायपर. हे शरीर नुसतं टाकायचं असेल तर ते इतक्या मायेनं कशाला पुसायचं? पण देव यालाच उठवणार असेल तर ते पुसणं देवाच्या कामातलंच झालं. पौलाचा तो पुनरुत्थानाचा मोठा अध्याय संपतो कुठं माहितीय, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत इथं, आणि लगेच पुढच्या अध्यायाची पहिलीच ओळ यरुशलेमच्या गरजू लोकांसाठी वर्गणी कशी गोळा करायची याची आहे. मला ते लई आवडतं.

आपण हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जातो तेव्हा दौंडच्या पुढं केडगाव लागतं ना, तिथं पंडिता रमाबाई राहायच्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, त्यांना जेवू घातलं, शिकवलं, कामं शिकवली. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ ला वारली, आणि बाईंनी त्या दुःखातही मूळ भाषांतून बायबल मराठीत आणण्याचं काम सोडलं नाही. १९२२ च्या ५ एप्रिलला त्या गेल्या. मरण हा शेवट मानणाऱ्या बाईचं हे काम नव्हे असं मला वाटतं. पुढच्या वेळी केडगाव आलं की पप्पांना दाखवायला सांग.

तू मेसेजच्या शेवटी हळूच म्हणालीस की टीचर म्हणाल्या आज्जी उठणार आहे तर मग रडायचं नाही. सोनू, येशू लाजरसाच्या कबरेपाशी रडला. थोड्याच वेळात आपण याला उठवणार हे त्याला माहीत असून रडला. तेव्हा तू रड, आणि रात्री आबा डोळे पुसताना दिसले तर त्यांना 'रडू नका' म्हणू नको, नुसतं जवळ बस. पौलानं म्हटलंय ते इतकंच की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, शोकच करू नका असं तो म्हणाला नाही.

आणि आज्जीचा गुडघा तिथं दुखेल का, हा तुझा प्रश्न. नाही दुखणार. पुढं आपण कसे असू हे अजून उघड झालेलं नाही असं योहान त्याच्या पत्रात म्हणतो, पण आपण ख्रिस्तासारखे होऊ एवढं तो पक्कं सांगतो, आणि ख्रिस्ताच्या जखमा दिसत होत्या पण त्या दुखत होत्या असं कुठंच नाही.

आबांबरोबर योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाच, हळू वाच. त्यात मरीयेला आधी वाटतं की समोर उभा आहे तो बागेचा माळी आहे. तिला तसं का वाटलं असेल ते या रविवारी टीचरना विचार, आणि तुला स्वतःला काय वाटतं तेही व्हॉइस मेसेज करून मला पाठव. शुक्रवारी सुट्टी आहे, तेव्हा निवांत बोलू.

तुझी मम्मी